बाबांच्या नावाचं गाणं, पण कुणाचं?

१९७१च्या ऑगस्टमध्ये ‘द हू’ या इंग्लिश बँडचा ‘हूज नेक्स्ट’ हा अल्बम आला. त्यातलं पहिलंच गाणं ‘बाबा ओरायली’. पाच मिनिटांचं. नावातला एकही शब्द गाण्यात कुठे येत नाही. त्यामुळे कितीतरी चाहते या गाण्याला त्याच्या खऱ्या नावानं ओळखतच नाहीत; पोरवयाच्या उजाड माळाबद्दलची जी ओळ सगळे मिळून ओरडतात, तिच्यातले दोन शब्द त्यांनी परस्पर त्याला चिकटवून टाकले आहेत. ब्रिटन आणि अमेरिकेत हे गाणं स्वतंत्र सिंगल म्हणून निघालंसुद्धा नव्हतं. ज्यानं ते लिहिलं, त्या पीट टाउनशेंडनं पुढे सांगितलं, की लोक ज्या ओळीवर आनंदानं उसळतात ती ओळ आनंदाची नाहीच. म्हणजे नाव चुकलेलं आणि अर्थही चुकलेला. तरी पन्नासहून अधिक वर्षं या गाण्याचे पहिले सूर वाजले की मैदानभर माणसं बसल्या जागेवरून उठतात.

हे कशामुळे होतं? चाहत्याला विचारलं तर तो बहुधा ‘ऐक ना एकदा’ म्हणेल, आवाज वाढवेल आणि आपण मध्ये बोललो तर चिडेल. समीक्षकाला विचारलं तर तो रचना, वादन, ध्वनिमुद्रण यांबद्दल बोलेल. समाजशास्त्र शिकलेला माणूस सांगेल, की आवडतं गाणं म्हणजे आपल्या सोळाव्या-सतराव्या वर्षाची आठवण, बाकी काही नाही. हे शेवटचं उत्तर फार लोकप्रिय आहे आणि मला ते फारसं पटत नाही. सोळाव्या वर्षी आपण शेकडो गाणी ऐकलेली असतात. त्यातली बहुतेक आज लागली तर ओशाळल्यासारखं होतं. आठवणीनं गाणं प्रिय होतं हे खरं, पण शेकडोंतून हेच का टिकलं, ते आठवण सांगू शकत नाही. शिवाय ‘द हू’चा ड्रमर कीथ मून गेल्यानंतर जन्मलेली, आज चाळिशीत असलेली माणसं या गाण्यासाठी भांडतात. त्यांच्याकडे १९७१ची कसली आठवण असणार?

माझं म्हणणं असं आहे, की चाहत्याला थोर वाटणारं रॉक गाणं त्याला काहीतरी काम देतं. ऐकणाऱ्यासाठी त्यात एक जागा मोकळी ठेवलेली असते, आणि तिथे पोचेपर्यंत त्याला वाट पाहायला लावलेली असते. ही जागा पुष्कळदा गाणाऱ्याच्या हेतूमधून पडत नाही, हेतू फसल्यामुळे पडते. ‘बाबा ओरायली’ हे त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

आधी नावातल्या बाबांबद्दल, कारण ते आपले. मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी. जन्म पुण्यातला, १८९४चा. शिक्षण डेक्कन कॉलेजपर्यंत. पुण्याच्या हजरत बाबाजान आणि साकोरीचे उपासनी महाराज या दोघांच्या सहवासातून घडलेला हा माणूस १० जुलै १९२५ला बोलायचा थांबला, तो ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत बोलला नाही. जवळजवळ ४४ वर्षं. सुरुवातीला अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी ते संवाद करत. नगरजवळच्या अरणगावात, मेहेराबादला त्यांची समाधी आहे.

टाउनशेंड साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा अनुयायी झाला. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. १९६९च्या ‘टॉमी’ या अल्बमच्या श्रेयनामावलीत त्यानं ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलं, आणि पुढे लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांच्या नावानं केंद्रही काढलं. गंमत अशी, की इतकी वर्षं मौन पाळलेल्या या बाबांच्या भक्ताचा बँड १९७६ साली जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेला. लंडनच्या चार्लटन मैदानावर ३२ मीटरवरून मोजलेला आवाज १२६ डेसिबल भरला होता. टाउनशेंडच्या कानांची त्या आयुष्यानं वाट लावली, हे त्यानं स्वतःच अनेकदा सांगितलं आहे.

नावातला दुसरा माणूस टेरी रायली, कॅलिफोर्नियाचा संगीतकार. त्याची १९६४ची ‘इन सी’ ही रचना कागदावर अगदी साधी दिसते. संगीताचे ५३ छोटे तुकडे. वाजवणारे कितीही असोत, कुठलीही वाद्यं असोत. प्रत्येकानं प्रत्येक तुकडा आपल्याला वाटेल तितक्या वेळा घोळवायचा आणि मग पुढच्याकडे सरकायचं. कुणी मागे असतो, कुणी पुढे, आणि या मागेपुढे असण्यातूनच संगीत तयार होतं. १९६९मध्ये त्याचा ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’ आला, ज्यात किबोर्डचे आकृतिबंध एकमेकांवर रचत नेलेले आहेत. ‘बाबा ओरायली’च्या सुरुवातीला जे भिरभिरत राहतं, त्याचं कूळ हेच. १९७०पासून रायली पंडित प्राणनाथांकडे किराणा घराण्याची गायकी शिकायला बसला. किराणा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मिरज आणि अब्दुल करीम खाँ येतात, पुढे सवाई गंधर्व, भीमसेन. पण या धाग्याला धरून कुणी ‘द हू’च्या गाण्यात किराणा घराणं शोधू लागलं तर त्याला वेळीच आवरावं. टाउनशेंडनं जे रायलीकडून घेतलं ते प्राणनाथांच्या आधीचं होतं. नावात नगर आहे म्हणून गाणं नगरचं होत नाही, तसंच हेही.

आता फसलेल्या बेताकडे येतो. ‘टॉमी’च्या यशानंतर टाउनशेंडनं ‘लाइफहाउस’ नावाचा एक प्रचंड प्रकल्प मांडला. हवा विषारी झालेली, माणसं घराबाहेर पडू शकत नाहीत, अंगावर खास पोशाख चढवून ‘ग्रिड’ नावाच्या जाळ्यातून सगळं जगणं आणि सगळी करमणूक घेतात. रॉक संगीत जवळपास विसरलं गेलेलं. अशा वेळी काही लोक एका जागी जमतात, तिथे प्रत्येकाच्या स्वभावातून, शरीरातून त्याचा त्याचा सूर काढला जातो, ते सगळे सूर मिळून एक विश्वव्यापी सूर सापडतो आणि जमलेले सगळे नाहीसे होतात. ही कल्पना त्यानं ज्यांच्या लिखाणातून उचलली त्यांत मेहेरबाबांच्या जोडीला सूफी हजरत इनायत खाँ होते. बडोद्याला गायकवाडांच्या पदरी असलेल्या मौलाबक्षांचे ते नातू. १९७१ साली हे वाचून लोकांनी डोक्याला हात लावला. कुणालाच, अगदी बँडमधल्या इतर तिघांनाही, नेमकं काय करायचं आहे ते कळेना. (ग्रिडचं आज कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, पण द्रष्टेपणाचे गुण उशिरा मिळाले की त्यांचा उपयोग नसतो.)

लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात त्यानं प्रयोग केले. प्रेक्षक येतील, त्यांच्यातून संगीत घडेल, ते बँडचाच भाग होतील, असा बेत होता. प्रेक्षक आले, पण त्यांना जुनी गाणी हवी होती. प्रकल्प गडगडला, न्यूयॉर्कमध्ये टाउनशेंडची मनःस्थिती ढासळली. शेवटी ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाच्या सल्ल्यानं कथा बाजूला ठेवली गेली, गाण्यांच्या ढिगातून नऊ निवडली, एक साधा अल्बम झाला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. इतक्या वर्षांत तिथे ‘द हू’चा दुसरा कुठलाही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेलेला नाही.

कथेत ‘बाबा ओरायली’चं काम मामुली होतं. स्कॉटलंडचा एक शेतकरी, रे त्याचं नाव, बायको सॅलीला घेऊन लंडनकडे निघतो. प्रस्तावनेचं गाणं. नाटकात पडदा वर जाताना पात्रांची ओळख करून देतात, तसं. आता कल्पना करा, की ‘लाइफहाउस’ पूर्ण झालं असतं, सिनेमा निघाला असता. शेत कुठलं, प्रवास कशासाठी, सॅली कोण, सगळं ठरलेलं असतं. गाणं त्या सिनेमाच्या मालकीचं राहिलं असतं. कथा कापली गेली आणि उरली एक मोकळी चौकट: कुणीतरी शेतात राबतो आहे, कुणाचातरी हात धरून निघतो आहे, वाटेत उजाड माळ लागतो. एवढंच. सॅली कुणाचीही, रस्ता कुठलाही. कथेनं सोडलेली ही पोकळी लोकांनी भरली.

अर्थात नुसती पोकळी पुरत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांची असंख्य गाणी कपाटात पडून आहेत. लोकांना आत यावंसं वाटेल अशी बांधणी लागते, आणि इथे जरा रेंगाळायला हवं.

गाणं सुरू होतं ते एका भिरभिरत्या, तुटक-तुटक सुरावटीनं. तिच्याबद्दल एक दंतकथा आहे: टाउनशेंडनं मेहेरबाबांच्या आयुष्याचे, देहाचे तपशील सिंथेसायझरमध्ये भरले आणि यंत्रानं हे सूर बाहेर काढले. चाहत्यांना ही कथा फार प्रिय आहे. टाउनशेंडच्या डोक्यात तशी कल्पना होती हेही खरं. पण रेकॉर्डवर जे वाजतं ते ‘लॉरी’ नावाच्या कंपनीच्या एका ऑर्गनवर वाजवलेलं आहे. बर्कशायर नावाचं मॉडेल, घराच्या दिवाणखान्यात ठेवायचं, हौशी माणसांसाठीचं. त्यात मरिंबासारखा ठोका आपोआप देत राहायची सोय होती. पट्टी दाबून ठेवली की सूर स्वतःच थडथडत राहतो. टाउनशेंडनं त्या सोयीचा वापर करून लांबच लांब वाजवलं आणि मग त्यातून कापून काढलं. मला दंतकथेपेक्षा हे जास्त आवडतं. विश्वाचा सूर शोधायला निघालेला माणूस शेवटी पाहुण्यांपुढे नातवंडं वाजवतात त्या वाद्यापाशी पोचला.

ही सुरावट सुमारे पाऊण मिनिट एकटीच चालते. रॉक गाण्यात पाऊण मिनिट म्हणजे पुष्कळ. तिला कशाची घाई नाही, कुणाची वाट पाहायची नाही, आपल्याकडे कुणी लक्ष देतंय का याचीही फिकीर नाही. मग पियानोवर तीन कॉर्ड येतात, एफ, सी आणि बी फ्लॅट. गिटार हातात घेऊन महिना झालेल्या पोरालाही जमतील असे. पहिलं मिनिट संपता संपता ड्रम, मग रॉजर डॉल्ट्रीचा आवाज. रॉक गाणं म्हणजे गिटार अशी समजूत असलेल्यांनी घड्याळ लावून पाहावं: दीड मिनिटाहून अधिक काळ गिटार नाहीच. गिटार वाजवणाराच गाण्याचा कर्ता असूनही नाही. ती येते तेव्हा मग दार धडकन उघडल्यासारखी येते.

हे सगळं ज्याच्यावर उभं आहे त्या सुरावटीला आपल्या संगीतात नाव आहे: लेहरा. एकट्या तबल्याच्या मैफलीत हार्मोनियमवाला किंवा सारंगीवाला एकच आवर्तन घोळवत बसतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही. पण तो तिथे असतो म्हणून तबलजी किती लांब गेला, कुठून वळला आणि समेवर कसा आला, हे श्रोत्याला मोजता येतं. ‘बाबा ओरायली’त ऑर्गन हा लेहरा धरतो आणि कीथ मून तबलजीच्या जागी आहे. मून हा सरळ ठेका धरणाऱ्यांतला नव्हे. त्याचं वादन म्हणजे सतत सांडणं, ओसंडणं. गाणाऱ्याच्या ओळीतसुद्धा तो बोलल्याशिवाय राहत नसे. अशा माणसाला एका यंत्राशी बांधलं. मंचावर हे गाणं वाजवताना ऑर्गनची सुरावट टेपवरून येत असे आणि तिच्याशी लय जुळावी म्हणून मून कानांवर हेडफोन चढवून बसे. मे १९७८मध्ये शेपरटन स्टुडिओत चित्रित केलेल्या त्याच्या शेवटच्या कार्यक्रमात तेच हेडफोन डोक्याला चिकटपट्टी लावल्यासारखे दिसतात. बेफाम माणूस आणि बेफिकीर यंत्र, आणि दोघांपैकी कुणीच हरत नाही. हे ऐकणाऱ्याला शब्दांत सांगता येत नसेल, पण पावलाला कळतं.

मग मधला भाग. सगळं ओसरतं आणि डॉल्ट्रीच्या भरदार आवाजाऐवजी टाउनशेंडचा स्वतःचा, जरा पातळ, धीर देणारा आवाज येतो. काही ओळी, आणि पुन्हा उसळी. त्यानंतरच ती ओरडायची ओळ. तोवर ऐकणाऱ्याची तीन मिनिटं खर्च झालेली असतात. त्याला पहिल्या सेकंदाला ओरडायला सांगितलं असतं तर तो ओरडला असता आणि विसरला असता.

इथे एक तुलना करून पाहावी. प्रेक्षकांना काम देणारी गाणी पुष्कळ आहेत. क्वीनचं १९७७चं ‘वी विल रॉक यू’ तर त्यासाठीच बनलेलं: पाय, पाय, टाळी. क्वीन म्हटलं की आपल्याकडे लगेच फ्रेडी मर्क्युरीची पाचगणीची शाळा निघते, पण हे गाणं त्याचं नाही, बँडमधल्याच ब्रायन मेनं लिहिलेलं आहे. मैदानात त्याला तोड नाही आणि मीही त्याला पाय आपटले आहेत. तरी ते घरी एकट्यानं दहाव्यांदा ऐकावंसं वाटत नाही. तिथे काय करायचं ते आधीच ठरवून दिलेलं आहे, कवायतीसारखं. ‘बाबा ओरायली’ काहीच सांगत नाही, फक्त थांबवून ठेवतं. केव्हा आत शिरायचं ते ऐकून ऐकून शोधावं लागतं, आणि शोधलेली जागा माणसाला स्वतःची वाटते.

मुंबई-पुण्यातल्या ज्या मुलांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’ या दुकानातून आणलेल्या किंवा मित्राकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटवरून ही गाणी ऐकली, त्यांची गोष्ट मला या बाबतीत पुरावा म्हणून महत्त्वाची वाटते. उतरवलेल्या कॅसेटला शब्दांचा कागद नसे. मराठी शाळेतून आलेल्या पोराला त्या उच्चारांतलं अर्धं कळत नसे, उरलेलं तो मनानं रचत असे. मुंबईच्या रंगभवनात इथलेच बँड परदेशी गाणी वाजवत तेव्हा पुढे उभी असलेली गर्दी शब्द बिनधास्त चुकवत गाई. शब्दांचा अर्थ हाच गाण्याचा गाभा असता, तर ही मुलं त्याला पारखी राहिली असती. ती राहिली नाहीत. त्यांना पाऊण मिनिटाची प्रतीक्षा कळत होती, तीन कॉर्ड कळत होते, गिटार कुठे येते ते पाठ होतं.

पण मग शब्दांचं काय? टाउनशेंडची तक्रार फेटाळून लावण्यासारखी नाही. वुडस्टॉकच्या (ऑगस्ट १९६९) आणि आइल ऑफ वाइटच्या संगीत महोत्सवांत त्यानं जे पाहिलं, त्यातून त्या ओळीला धार आली असं त्यानं सांगितलं आहे: अमली पदार्थांनी सुन्न झालेली पोरं आणि मागे उरलेलं कचऱ्यानं भरलेलं मैदान. मेहेरबाबांनी अशा पदार्थांविरुद्ध स्पष्ट बजावलं होतं आणि टाउनशेंडनं ते मनावर घेतलं होतं. म्हणजे ज्या पिढीला सगळे स्वातंत्र्याची पिढी म्हणत होते, तिच्या नासाडीवरची ही ओळ. आणि तीच पिढी, मग तिची मुलं, मुठी वर करून ती विजयघोषासारखी गातात. (अल्बमचं मुखपृष्ठ पाहिलं असतं तरी संशय आला असता. डरहॅम परगण्यातल्या ईझिंग्टन कोळसाखाणीच्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर काँक्रीटचा एक ठोकळा आणि त्यावर लघवी करून पँट सावरत परतणारा बँड. याहून उजाड माळ कुठला!)

चाहते चुकले असं म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही, कारण त्यांनी गाणं ऐकलं, निवेदन ऐकलं नाही. शब्द नासाडीचे आहेत, पण त्यांच्याखालचे कॉर्ड नासाडीचे नाहीत. ते उघडे, रुंद, छाती भरून येईल असे आहेत. टाउनशेंडला शोकगीतच करायचं असतं तर त्याला ते करता येत होतं. त्याच अल्बममधलं ‘बिहाइंड ब्लू आइज’ सुरू कसं होतं ते ऐकावं. इथे त्यानं उजाड माळावर उभं राहून गावंसं वाटेल असं संगीत केलं. शब्द आणि सूर यांच्यातला विरोध त्याच्याच हातून आत आला आहे. चाहत्यांनी दोन्हींपैकी संगीतावर जास्त भरवसा ठेवला, आणि रॉकमध्ये असा भरवसा ठेवणं मला तरी रास्त वाटतं.

याचा कस लागला २० ऑक्टोबर २००१ला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मदतनिधीसाठी कार्यक्रम होता. जुळे मनोरे कोसळून सहा आठवडेही झाले नव्हते. समोर अग्निशामक दलाचे, पोलिसांचे लोक गणवेशात, काहींच्या हातात गेलेल्या सहकाऱ्यांचे फोटो. ‘द हू’नं जी चार गाणी वाजवली त्यात हे होतं. ही काही पोरवयातली मंडळी नव्हती, आणि उजाड माळ त्यांच्यासाठी रूपक नव्हतं. तिथून काही किलोमीटरवर अजून धुमसत होतं ते. तेव्हा त्या सभागृहानं जी ओळ गायली, तिचा अर्थ वुडस्टॉकचा नव्हता, स्कॉटलंडच्या शेतकऱ्याचा नव्हता, निव्वळ विजयाचाही नव्हता. टाउनशेंडनं लिहिताना जे कल्पिलं त्याहून तो अर्थ मोठा होता, असं मी बिनदिक्कत म्हणेन. ‘लाइफहाउस’मध्ये त्याला जे घडवायचं होतं, म्हणजे जमलेल्यांच्या आयुष्यातूनच संगीत उभं राहणं, ते यंग व्हिकमध्ये घडलं नाही, इथे घडलं. यंत्रात कुणाचेही तपशील न भरता.

तपशील भरायचा प्रयोगही पुढे झाला, हे विशेष. २००७मध्ये टाउनशेंडनं एक संकेतस्थळ तयार करून घेतलं. आपली माहिती द्यायची आणि तिच्यातून फक्त आपल्यासाठी रचलेली धून मिळवायची. मूळ कल्पना अखेर तंत्रज्ञानाच्या आवाक्यात आली होती. ते स्थळ लवकरच बंद झालं, आणि त्या धुनांपैकी एखादी कुणी गुणगुणताना मी तरी ऐकलेलं नाही. प्रत्येकाला त्याचं स्वतःचं गाणं दिलं की ते कुणाचंच राहत नाही, असा काहीसा हा प्रकार. ‘लाइफहाउस’ची कथाही यथावकाश आली: १९९९मध्ये बीबीसीवर रेडिओनाट्य म्हणून, पुढच्या वर्षी सहा सीडींच्या संचातून. निष्ठावान चाहत्यांनी तो संच घेतला, रे आणि सॅलीची भानगड समजून घेतली, आणि गाणं पूर्वीसारखंच गात राहिले.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. जागा मोकळी असेल तर तिथे कुणीही येऊन बसेल. आलेच. २००४पासून नऊ वर्षं हे गाणं ‘सीएसआय: न्यूयॉर्क’ या गुन्हेगारी मालिकेचं शीर्षकसंगीत होतं. २०१२मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या समारोपात ते वाजलं. मालिकेतल्या वापराबद्दल माझी तक्रार अर्थाची नाही, वेळेची आहे. तिथे अर्ध्या मिनिटात सुरावटही हवी, कॉर्डही हवे, आरोळीही हवी; वाट पाहणं तेवढं कापलं जातं. फळ हाती येतं, भूक लागलेली नसते. मालिका पाहून मूळ गाण्याकडे आलेली माणसं मात्र पुष्कळ असणार, तेव्हा फार कुरकुर करू नये.

आणि ‘बाबा आपले, म्हणून गाणंही आपलं’ हा नगरकरांचा दावा? मेहेरबाबांचं नाव जगभरच्या रॉक रसिकांच्या तोंडी गेलं म्हणून आपल्याला सुखावायला होतं, मलाही होतं. पण मैदानात ओरडणाऱ्या हजारांत अरणगाव कुणाला माहीत नसतं. गाण्यात बाबांची भक्ती कानाला सापडत नाही. ती पाहायची तर टाउनशेंडनं १९७२मध्ये त्यांच्या प्रार्थनेवरून केलेलं ‘परवरदिगार’ ऐकावं. ते हळवं आहे, प्रामाणिक आहे आणि फारसं कुणाच्या ओठांवर नाही. त्यात ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. भक्त आणि देव यांचं आपसातलं बोलणं पुरं झालेलं असतं. ‘बाबा ओरायली’वर नगरचा हक्क आहेच, पण तो न्यूयॉर्कच्या अग्निशामकाइतकाच किंवा रंगभवनात शब्द चुकवणाऱ्या पोराइतकाच.

चाहत्यांत आज जो वाद रंगतो तो अर्थावरून नाहीच. शेवटच्या मिनिटात काय वाजावं यावरून आहे. रेकॉर्डवर तिथे व्हायोलिन आहे. ‘ईस्ट ऑफ ईडन’ बँडच्या डेव्ह आर्बसला आणायची कल्पना कीथ मूनची. मंचावर व्हायोलिनवाला नसे, म्हणून डॉल्ट्री तोच भाग माउथऑर्गनवर वाजवू लागला, आणि वर्षानुवर्षं लोकांनी तसाच ऐकला. माउथऑर्गनवाल्यांचं म्हणणं, की बँडच्या चौघांनी मिळून वाजवलेलं तेच खरं. बाहेरचा माणूस आणून केलेला शेवट ही स्टुडिओची चैन. त्यांच्या बाजूनं मैफलींची सगळी परंपरा आहे. मी व्हायोलिनच्या पक्षातला. माउथऑर्गन श्वासावर चालतो, त्यामुळे तो लय चढताना दमतो आणि ते ऐकू येतं; व्हायोलिन त्या न दमणाऱ्या ऑर्गनच्या बरोबरीनं चढत जातं, मून दोघांच्या मागे लागतो आणि कोण कुणाला ओढतंय हे शेवटपर्यंत कळत नाही. यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी आधी दोन्ही आवृत्त्या मोठ्या आवाजात ऐकून यावं.